लाल झाकणाची डबी

ट्विला: पुन्हा सांग. शनिवारी एल्क हरणाच्या शिकारीला कुणाच्या हातची काडतुसं नेणार आहेस?

डेल: तुझ्याच हातची, आई. दरवर्षी काय वेगळं असतं? धुराडं साफ झालंय, ही शिडी कुठं ठेवू तेवढं सांग.

ट्विला: शिडी राहू दे. इकडे बेंचपाशी ये. हे काय आहे?

डेल: काडतुसाची पुंगळी. रिकामी.

ट्विला: रिकामी आहे ते मलाही दिसतंय. कुणाची?

डेल: माझ्या रायफलीतली असेल.

ट्विला: रायफल तुझी. पण भरली कुणी होती? तुझ्या तपकिरी जॅकेटची चेन दुरुस्त करायला टाकून गेला होतास, त्याच्या खिशात सापडली. तीन आठवडे झाले. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. आता सरळ विचारलं तर तोंडावर खोटं बोलतोस.

डेल: तीन आठवडे ती जपून ठेवलीस?

ट्विला: ड्रॉवरमध्ये ठेवली होती, तुझ्या बापाच्या चष्म्याशेजारी. उलटी कर. बुडाला काय दिसतं?

डेल: टोपी, बारूद पेटवणारी. पिन आपटून चेपलेली. असतेच ती.

ट्विला: टोपीच्या भोवती बघ.

डेल: लाल आहे काहीतरी.

ट्विला: लाल काहीतरी. नखपॉलिश आहे ते. चव्वेचाळीस वर्षांच्या घोड्या, तुझ्या खिशात बाईचं नखपॉलिश सापडतं आणि तू मला शिडी कुठं ठेवू विचारतोस.

डेल: बाई म्हणजे कोण, आई? माझी बायकोच ना.

ट्विला: म्हणजे कोरिनच्या हातची. झालं कबूल.

डेल: बर्फात टोपी ओली होऊ नये म्हणून ती पॉलिश लावते. नॅशनल गार्डमधल्या, राखीव फौजेतल्या तिच्या लोकांकडून शिकली. त्यात एवढं काय आहे?

ट्विला: काय आहे? तुझ्या बापाचा हात गवताच्या यंत्रात गेला त्या वर्षापासून या घरातलं प्रत्येक काडतूस मी भरलंय. पुंगळ्या मी धुतल्या. त्यांच्या मानेला ज्योत दाखवली, टोप्या बसवल्या, बारूद काट्यावर तोलून घातलं, वर गोळी बसवली. तुझ्या बापानं माझ्याशिवाय कुणाच्या हातचं काडतूस रायफलीत घातलं नाही. हा बघ, त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलेला फळा अजून आहे बेंचवर.

डेल: माहीत आहे. एका वेळी एकच बारूद बेंचवर. काम चालू असताना बोलायचं नाही. दुसऱ्याच्या हातचं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही. लहानपणापासून वाचतोय.

ट्विला: वाचतोस, पाळत नाहीस.

डेल: बायको दुसरी कशी, आई?

ट्विला: ते तू मला विचारतोस? आणि मी दिलेल्या डब्यांचं काय केलंस? गेल्या वर्षीच्या. या सप्टेंबरात दिली ती.

डेल: आहेत की.

ट्विला: कुठे आहेत?

डेल: शेडमध्ये. कोरड्या जागी आहेत, कपाटात. काही झालेलं नाही त्यांना.

ट्विला: शेडमध्ये. खताच्या पोत्यांशेजारी.

डेल: वरच्या फळीवर आहेत. आई, तू असं तोंड करू नकोस. कोरिन रविवारी तिच्या नेमबाजीच्या मॅचसाठी शेकड्यानं भरते, त्यातली थोडी माझ्यासाठी बाजूला काढते. घरातच असतात. इथं यायचं म्हणजे पंधरा मैल, आणि तू जेवल्याशिवाय सोडत नाहीस.

ट्विला: हो, माझ्या हातचं जेवायला लागतं, केवढी शिक्षा.

डेल: तसं म्हणालो नाही मी.

ट्विला: तो फ्रिजवरचा फोटो. हरीण पाडलंस तो. मी सगळ्यांना सांगत फिरले, चर्चमध्ये, पोस्टात. माझ्या काडतुसानं पडलं म्हणून. तेही तिच्याच हातचं ना?

डेल: ...हो.

ट्विला: आणि तू मला सांगू दिलंस.

डेल: तू एवढी खुशीत होतीस. काय सांगणार?

ट्विला: चर्चमधल्या लॉइसनं मला त्याच गोष्टीवरून सफरचंदाचा पाय भाजून खायला घातला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

डेल: आई, सोड ना. गोळी कुणाचीही असो, मांस तर तुझ्याच फ्रीजरमध्ये येतं.

ट्विला: मांसाचं काय घेऊन बसलास? मला पोटात दुखतंय, डेल, सरळ सांगते. जळते मी. ती माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, तिचे दात सरळ, दातांच्या दवाखान्यात लोकांच्या तोंडात बघून पैसे मिळवते, तिची मशीन हँडल खाली केलं की काडतूस बाहेर टाकते, माझ्याकडे एकेक करून होतं. तुला तिनं घेतलं, घेऊ दे. सगळ्यांचीच पोरं कुणी ना कुणी घेतं. पण हा बेंच तेवढा माझा होता.

डेल: बरं. शनिवारी तुझी नेतो. दे डबी. झालं समाधान?

ट्विला: नको. तू रविवारी जेवताना म्हणाला होतास ना, लाल झाकणाची डबी नेणार म्हणून? तीच ने.

डेल: आता काय, रुसलीस का?

ट्विला: अजिबात नाही. खुशाल लाल झाकणाचीच ने. माझं काही म्हणणं नाही.

डेल: तुझं काही म्हणणं नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. हसतेस का?

ट्विला: हसू नको तर काय करू? ती डबी ने, मोठं शिंगाळं पाड, मग जेवायला या दोघं. मग सांगेन मी काय सांगायचं ते.

डेल: लाल डबी तर घरात नाही. ती कोरिन घेऊन गेली.

ट्विला: कुठे?

डेल: मॅचला. आज निवड आहे ना, राज्याच्या संघाची. तिनं मॅचसाठी भरलेली निळ्या झाकणाची डबी सरावातच अर्धी संपली, मग सकाळी म्हणाली, तुझी लाल नेते, बारूद-गोळी एकच आहे, तुला शनिवारपर्यंत नवीन भरून देईन. आई? काय झालं?

ट्विला: ती कुठली रायफल घेऊन गेली?

डेल: तिचीच. सेमी-ऑटो, आपोआप भरणारी. सैनिकी घडणीची ती. बस ना, अशी उभी काय राहिलीस?

ट्विला: फोन लाव तिला.

डेल: आई, तिथं दरीत फोन लागत नाही.

ट्विला: लाव म्हणते ना. आधी लाव.

डेल: लावतो, लावतो... बघ. बंद. सांगितलं ना. आता मला सांग काय झालंय.

ट्विला: त्या डबीतली काडतुसं तिची नाहीत. माझी आहेत.

डेल: म्हणजे?

ट्विला: रविवारी तुम्ही दोघं वासराला बघायला गोठ्यात गेलात, मी भांडी घासत होते. कपडे धुण्याच्या मशीनवरच्या फळीवर ती डबी होती. मी तिची काढून घेतली, माझी घातली. पर्समधून नेली होती.

डेल: पर्समधून काडतुसं नेलीस? जेवायला येताना?

ट्विला: तू माझ्या काडतुसानं एल्क पाडला असतास. तिला वाटलं असतं, तिच्या. मग मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं असतं. एवढंच करायचं होतं मला.

डेल: पण तिच्या काडतुसांना लाल पॉलिश असतं.

ट्विला: औषधाच्या दुकानातून आणलं. ही पुंगळी घेऊन गेले, शिशीशी रंग लावून बघितला. गल्ल्यावरची पोरगी विचारत होती, आज नाचायला जायचंय का म्हणून.

डेल: आई, तू ती माझ्या रायफलीसाठी भरली होतीस.

ट्विला: तुझ्याच. तुझ्या रायफलीत उडालेल्या पुंगळ्या. नुसती मान दाबलेल्या.

डेल: नुसती मान.

ट्विला: तुझी बोल्टची आहे, कोठीचं दार हातानं लावायची. पुंगळी एकदा तुझ्या रायफलीत उडाली की नळीत काडतूस बसतं त्या कोठीच्या मापाची होते, अंगाला शिवलेल्या शर्टासारखी. मग नुसती मान दाबायची, बाकी अंगाला हात लावायचा नाही. तू हातानं बोल्ट बंद करतोस, कुठं अडलं तर बोटांना कळतं. नेम त्यामुळे लागतो. पण तिच्या रायफलीची कोठी वेगळी, तंग. त्यात ती नीट बसणार नाहीत. आणि तिचा बोल्ट हाताला विचारत नाही, स्प्रिंगनं धाडकन पुढं येतो. पुंगळी पूर्ण आत गेली नाही, कुलूप लागलं नाही, आणि काडतूस तसंच उडालं...

डेल: मला माहीत आहे काय होतं. गाडीची किल्ली कुठंय?

ट्विला: आणि टोप्या. मी मऊ टोप्या वापरते. तिच्या रायफलीत पिन मोकळी असते, बोल्ट आपटला की टोपीला हलकी टोचते. म्हणून ती जाड कातडीच्या टोप्या घेते, आणि बुडापेक्षा जरा आत दाबून बसवते. माझ्या नुसत्या काठाला काठ असतात. डेल, तिच्या डोळ्याला काही झालं तर? हाताला झालं तर? हातांवर तर पोट आहे तिचं.

डेल: आई, आता बोलू नकोस. किल्ली.

ट्विला: तुझ्याच खिशात आहे. मी येते.

डेल: तू थांब. फोनपाशी थांब. नेमबाजीच्या मैदानावरच्या खोलीतला फोन कुणी उचलला तर त्याला सांग, सगळ्यांच्या आधी तिला थांबवा म्हणावं. नंबर फ्रिजवर आहे ना, तुझ्या?

ट्विला: मी येणार म्हटलं ना. मी केलंय, मीच तोंडानं सांगेन तिला.

(बाहेर खडीवर गाडी थांबल्याचा आवाज. दार उघडतं. कोरिन आत येते. तिच्या हातात रायफलीची पेटी आणि लाल झाकणाची डबी.)

डेल: कोरिन.

कोरिन: तुझी गाडी बघून इकडेच वळले. शिडी आडवी का टाकलीय?

ट्विला: हात दाखव. दोन्ही हात दाखव बाई.

कोरिन: आहेत दोन्ही. बोटंही मोजून घ्या, ट्विला.

ट्विला: डोळे?

कोरिन: तेही आहेत. म्हणजे तुम्हाला माहीत आहे मी का आले ते. बरं झालं, विचारायचा त्रास वाचला. डेल, तुला माहीत होतं?

डेल: आत्ता कळलं. दोन मिनिटांपूर्वी. मी निघालोच होतो.

कोरिन: तू नेहमी निघालेलाच असतोस.

ट्विला: उडवलंस का एखादं?

कोरिन: नाही. पहिलंच काडतूस कोठीत घातलं, बोल्ट सोडला. आवाज वेगळा आला. रोज दाराला कडी लावणाऱ्याला कळतं ना, आज कडी बसली नाही, तसा. बघितलं तर बोल्टला मागे कागद जाईल एवढी फट. मी बोट ट्रिगरवरून काढलं, नळी निशाणाकडेच ठेवली आणि हात वर केला.

डेल: देवाची कृपा.

कोरिन: कृपा नाही, सवय. शेजारी एक नवीन माणूस होता, ग्रेट फॉल्सचा. तो म्हणाला, तळहातानं ठोक, जाईल आत. मी ठोकलं असतं तर, ट्विला, तुम्ही मला आत्ता बिलिंग्जच्या हॉस्पिटलात भेटायला आला असतात. फुलं घेऊन.

ट्विला: असं बोलू नकोस.

कोरिन: का? कानाला लागतं? हे घ्या तेच काडतूस. काढायला वीस मिनिटं लागली. बुड बघा. तुमच्या पॉलिशखाली टोपीवर सुईच्या टोकाएवढा ठसा दिसतोय?

ट्विला: दिसतोय.

कोरिन: पिन टोचून गेलीय. जरा जोरात टोचली असती तर मी हात वर केलाच नसता.

डेल: आई, बस तू. हे पाणी घे.

ट्विला: पाणी नको मला. कोरिन, माझी आहेत ही कसं ओळखलंस?

कोरिन: मान निळसर आहे. ज्योत दाखवून अशी छटा या जिल्ह्यात एकच बाई आणते. आणि पॉलिश मी काठाकाठानं लावते, तुम्ही सगळ्या टोपीला फासलंय. रंगही विटकरी आहे.

ट्विला: दुकानातल्या दिव्यात सारखाच वाटला.

कोरिन: दुकानात जाऊन रंग जुळवलात?

डेल: पुंगळी घेऊन गेली होती.

कोरिन: एवढं केलंत. एवढं डोकं लावलंत. आणि एकदाही मनात आलं नाही की त्या डबीला माझाही हात लागू शकतो?

ट्विला: नाही आलं. तो म्हणाला होता, मी नेणार. माझ्या डोक्यात फक्त तो होता आणि त्याची रायफल. तू नव्हतीसच.

कोरिन: हे मात्र खरं बोललात. मी नव्हतेच. सात वर्षं झाली लग्नाला.

डेल: कोरिन, मॅचचं काय झालं? निवड?

कोरिन: निवड गेली, पंच लेरॉयनं वहीतून नाव खोडलं. कोठीत काडतूस अडकलं, वेळ गेली, आणि डबीतलं एकही तपासून बघितल्याशिवाय पुढं उडवायचं नाही म्हणाला. बरोबरच म्हणाला. मी सामान भरलं. पुढची निवड पुढच्या वर्षी.

ट्विला: लेरॉयला काय सांगितलंस?

कोरिन: माझी चूक म्हणाले. दोन रायफलींच्या पुंगळ्या मिसळल्या म्हणाले.

ट्विला: तू? मिसळशील? तू दुधाच्या पिशवीवरसुद्धा तारीख लिहितेस.

कोरिन: त्याचंही तोंड असंच झालं होतं. सगळे बघत होते. शिकायला आलेली पोरं माझ्याकडून तपासून घेतात ना काडतुसं, तीही.

डेल: खरं का नाही सांगितलंस?

ट्विला: माझी लाज राखली तिनं. दुसरं काय?

कोरिन: नाही, ट्विला. तुमची लाज राखायला मी एवढी चांगली नाही. मी म्हणाले असते, सासूनं डबी बदलली, ही ट्विलाच्या हातची आहेत, तर लेरॉय काय म्हणाला असता माहीत आहे? म्हणाला असता, ट्विलाची ना, मग काडतुसांत खोट नसणार, तुझी रायफल बघ. सगळे तेच म्हणाले असते. तिथंही तुम्हीच जिंकला असतात. ते मला सहन झालं नसतं.

ट्विला: असं कोण म्हणतं?

कोरिन: कोण म्हणत नाही? दाताच्या खुर्चीत माणूस तोंड उघडून पडलेला असतो, मी आत आरसा धरलेला असतो, आणि तो तसाच बोबड्या आवाजात सांगतो, तुझ्या सासूचा हात म्हणजे हात. नवऱ्यासाठी, अर्लसाठी भरायची ती. तीनशे यार्डांवर एका चहाच्या बशीत पाच गोळ्या. मी म्हणते, चूळ भरा.

डेल: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

कोरिन: तुला काय सांगणार? तुला सांगितलं की तू म्हणतोस, सोड ना.

ट्विला: तेच म्हणतो. बापासारखा.

कोरिन: आणि आता निघालंच आहे तर ऐका. गेल्या वर्षी तुम्ही डेलला दिलेल्या डबीतली चार मी फोडून बघितली.

ट्विला: फोडलीस?

कोरिन: गोळ्या उपसायच्या खास हातोडीनं त्या बाहेर काढल्या, बारूद काट्यावर ओतलं. मला बघायचं होतं तुम्ही आत काय घालता. दोन महिने माझी भरलेली आणि तुमची भरलेली, दोन्ही त्याच्या रायफलीतून मी स्वतः कागदावर उडवली होती, तो कामावर असताना. तुमची एकाच भोकात जायची. माझी बरी जायची. नुसती बरी.

ट्विला: मग? काय सापडलं आत?

कोरिन: काही नाही. तेच बारूद. तीच गोळी. वजन माझ्यासारखंच. मी ते परत परत तोललं, ट्विला. बेंचवर बसून रडले मी. आणि मग त्याच्यासाठी माझी भरायला लागले आणि तुमच्या डब्या शेडमध्ये ठेव म्हणून सांगितलं.

डेल: पंधरा मैल लांब पडतं म्हणाली होतीस.

कोरिन: पडतंच. ते काय खोटं नाही.

ट्विला: म्हणजे त्या डबीत चार कमी होती ती तू नेलीस. मी याला बोलले होते, आईनं दिलेली वस्तू सांभाळता येत नाही म्हणून. दिवसभर बोलले होते.

डेल: दोन दिवस.

ट्विला: आणि तू काही बोलला नाहीस.

डेल: मला काय माहीत, मला वाटलं माझ्याच हातून हरवली असतील.

कोरिन: डेल, ती शिडी उचल आणि मागे ठेवून ये.

डेल: आता?

ट्विला: आता. आणि सावकाश ये.

डेल: एक सांगून जातो. शनिवारी मी घरी बसलो तरी चालेल मला. एल्क काही पळून जात नाही.

ट्विला: जा म्हटलं ना.

कोरिन: गेला.

ट्विला: हं. तू बस. त्या स्टुलावर नको, ते डगमगतं. अर्लच्या खुर्चीवर बस.

कोरिन: त्या खुर्चीवर तुम्ही कुणाला बसू देत नाही.

ट्विला: मग आज बस. पेटी अजून हातातच आहे तुझ्या. आल्यापासून बघतेय.

कोरिन: बरं, ही ठेवली खाली. लाल डबीही घ्या, बेंचवर ठेवा.

ट्विला: ठेवली. कोरिन, मला माफ कर म्हणायला तोंड नाही. तू मेली असतीस. एका एल्कपायी. एल्कपायीसुद्धा नाही, जेवणाच्या टेबलावर एक वाक्य मला बोलायचं होतं, त्यापायी.

कोरिन: काय बोलणार होतात?

ट्विला: काय बोलणार. अगं, हे माझ्या हातचं आहे, एवढंच. मनात किती वेळा बोलून बघितलं. भांडी घासताना, गाडीत, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना. तुझं तोंड कसं उतरेल ते बघत होते.

कोरिन: उतरलं असतं. चांगलंच.

ट्विला: तुझी काढलेली माझ्याकडे आहेत. ड्रॉवरमध्ये. घेऊन जा.

कोरिन: नको. तुमच्या घरात राहिलेली काडतुसं मी माझ्या रायफलीत घालणार नाही. आता नाही. राग मानू नका, तुम्हीच फळ्यावर लिहिलंय.

ट्विला: अर्लनं लिहिलंय. राग कशाचा. बरोबर आहे. फोडून टाक, ही माझीही फोड. पुंगळ्या भंगारात दे.

कोरिन: फोडेन. आणि उद्या कुलपाचं कपाट आणणार आहे. माझं सगळं त्यात जाईल, बारूद, टोप्या, डब्या. तुम्हाला वाईट वाटेल, पण आणणार.

ट्विला: आण.

कोरिन: पुन्हा करणार नाही अशी तुम्ही शपथ घेतलीत तरी आणणार.

ट्विला: मी शपथ घेत नाहीये. शपथ घेऊन काय उपयोग? आज घाबरलेय म्हणून मी शहाणी झालेय. आठवडाभरानं तो तुझ्या काडतुसानं काहीतरी पाडेल, तू फोटो लावशील, आणि मला पुन्हा पोटात दुखायला लागेल. मी स्वतःला ओळखते. चांगलं जाड कपाट आण.

कोरिन: मलाही दुखतंच, ट्विला. तुम्हाला एकटीलाच दुखतं असं नाही.

ट्विला: ते आज कळलं. बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू.

कोरिन: कपाटाला दोन किल्ल्या येतात. एक माझ्याकडे राहील, एक डेलकडे.

ट्विला: डेलकडे देऊ नकोस.

कोरिन: का?

ट्विला: मी मागितली की तो मला देईल.